शेवटचं उधाण

मामाकडे एक जुनी वही आहे. तीत माशांची वजनं नाहीत, फोटो नाहीत. तारीख, तिथी, वारा आणि पाणी एवढंच. मामा मूळचा देवगडचा, नोकरी रेल्वेत झाली, आता मालाडला राहतो आणि बाहत्तराव्या वर्षीही आठवड्यातून दोनदा गरी घेऊन खडकावर जातो. आमच्याकडे त्याला मासेमारी म्हणत नाहीत, गरवणं म्हणतात. मला गरवायला त्यानेच शिकवलं. २०२४च्या मे महिन्यात मी आठ दिवसांची रजा टाकली ती त्याच्या वहीतल्या एका ओळीमुळे: 'पौर्णिमा २३ मे. पुढचं उधाण अमावास्येचं, ६ जून. बंदीत.'

पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवसांची, हे मुंबईत मासे खाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण मढ, भाटी, वेसाव्याचा डोलकर चालतो तो पाण्यावर. डोल हे जाळं कुणी ओढत नेत नाही. समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना ते बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत येण्याची वाट बघायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाला, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग लागतं, तेव्हा त्याच्या निम्म्यानेही नाही. ओढच नसेल तर डोल नुसती लोंबत राहते. म्हणजे हंगाम कागदावर ३१ मेपर्यंत असला, तरी डोलकराचं शेवटचं पाणी या पौर्णिमेचंच होतं. ते बघायचं होतं, आणि त्या पाण्यासोबत उधाणाकडून भांगाकडे उतरत जायचं होतं.

शुक्रवार, २४ मे. वैशाख वद्य प्रतिपदा

पहाटे सव्वाचारला लालबागहून टॅक्सी केली. भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी तळाकडे चालली होती. धक्क्याच्या भिंतीवरचा शेवाळाचा हिरवा पट्टा पुरुषभर उघडा पडला होता. बोटी खाली, माणसं वर, आणि मधल्या अंतरात दोरीने वर चढणाऱ्या पाट्या. उधाणाच्या ओहोटीला इथे माल उतरवणं हे कमरेचं काम आहे.

हंगामाच्या अखेरीचा माल कसा असतो ते धक्क्यावर लिलावाला उभं राहिलं की कळतं. राणी मासा भरपूर, माकूल भरपूर, वाकट्यांच्या चांदीसारख्या जुड्या, ढोमे, बारीक कोळंबी. सुरमई थोडी, आणि जी होती तिच्याभोवती इतकी गर्दी की शेपटीच दिसावी. पापलेट चार-पाच पाट्या, त्यातही हातभर मोठं एकही नाही. एका कोपऱ्यात माणसाने खायचा नव्हे असा बारीक माल ढिगाने पडला होता, भुकटीच्या कारखान्याला जाणारा. त्यात बोटाएवढे ढोमे होते, नखाएवढी माकुलं होती. ऑक्टोबरमध्ये हीच पिल्लं वीतभर झाली असती. या ढिगाशी मी दरवर्षी थांबतो आणि दरवर्षी तो मला आदल्या वर्षीपेक्षा मोठा वाटतो.

एका ट्रॉलरचा तांडेल बर्फाच्या पेटीवर बसून चहा पीत होता. म्हटलं, आणखी एक फेरी?

"डिझेल भरा, बरफ भरा, नि आठ दिवसांत परत या. मिळतंय काय ते बघताय ना?" त्याने पेल्यानेच ढिगाकडे दाखवलं. "दर्या पण फिरलाय. लाट लांब झाली."

लाट लांब होणं ही अखेरीची सगळ्यात खरी खूण. वारा पडलेला असला तरी दूरवरून, नैऋत्येकडून, संथ फुगवटे यायला लागतात. बोट उचलली जाते, खाली बसते, मध्ये बराच वेळ जातो. पाऊस अजून केरळातही पोचलेला नसतो, पण समुद्राला कळलेलं असतं.

आमिषासाठी दोन किलो माकूल आणि किलोभर कोळंबी घेतली, बर्फात घातली, आणि संध्याकाळी वेसाव्याहून तरीने मढला उतरलो. मामा आधीच येऊन नाखवांच्या, म्हणजे आम्हाला नेणाऱ्या डोलीच्या बोटीच्या मालकांच्या, ओटीवर बसला होता.

शनिवार, २५ मे. द्वितीया

आदल्या रात्री अकराला निघालो. बोटीवर नाखवा, त्यांचा मुलगा, तिघे खलाशी आणि आम्ही दोघे. मढचे दिवे मागे गेले, मग वेसाव्याच्या उंच इमारतींचे, आणि नंतर मुंबई म्हणजे क्षितिजावरचा एक पिवळट उजेड एवढीच उरली. पौर्णिमा उलटून दोनच रात्री झाल्या होत्या, चंद्र डोक्यावर येत होता. मी गोधडी घेऊन नाळेशी, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसलो. झोप लागली नाही, लागावी असंही वाटलं नाही.

भरतीची वेळ काढायला मामा मोबाइल बघत नाही. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. द्वितीया, म्हणून दोन पाऊण दीड. रात्री दीडला भरती पूर्ण, अर्धा तास मागेपुढे. आजोबांच्या पिढीने शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ केला तो दुकानदारीसाठी. मामाने त्याच्यावर समुद्र बसवला.

खुंटांची जागा आता जीपीएसवर असते. पण यंत्राने जागा दाखवल्यावरही नाखवांनी इंजिन मंद करून दोन मिनिटं नुसतं पाण्याकडे पाहिलं. मग बोया दिसला, पिंप दिसली, दोर हाताला लागला.

"थांबा," ते म्हणाले. "पाणी मरूं द्या."

भरती संपते आणि ओहोटी सुरू होते त्याच्या मधली ती वेळ. एवढा वेळ दोराशी झुंजणारं पाणी हळूहळू सैल पडलं. बोयाभोवतीची खळखळ थांबली. डोल बांधायची ती याच वेळी. ओढ असताना तोंड बांधायला जाल तर दोर हात घेऊन जाईल. दहा-पंधरा मिनिटांत जाळी पाण्यात गेली. डोल लांबच लांब पिशवीसारखी असते, तोंडाकडे हाताचा पंजा जाईल एवढे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, आणि शेपटाकडे खोल्याजवळ, जिथे मासळी साठते तिथे, इतके बारीक की जवळाही अडकावा. मग पाणी उलटं वाहू लागलं. आपल्या पायाखालून समुद्र एका दिशेने निघालाय हे रात्री, इंजिन बंद असताना, फार स्पष्ट जाणवतं. बोट दोरावर ताणली गेली आणि सगळे आडवे झाले. मी मात्र मामाशेजारी बसून माकुलाचा तुकडा लावून दोर सोडला. तासाभरात दोन वामी आणि एक हाताएवढा शिंगाळा. रात्रीच्या वाऱ्याला धार होती आणि हवेत मीठ इतकं की ओठ चाटले की जेवल्यासारखं वाटावं.

सकाळी साडेसातला पुन्हा पाणी मेलं आणि डोल ओढायला घेतली. खोला वर येताना आधी रंग दिसतो. पांढरा दिसला तर बोंबील, सोनेरी झाक असली तर मांदेली, गुलाबी-करडा लगदा दिसला तर जवळा. आज लगदा होता. खोल्याची गाठ सुटली आणि फळ्यांवर जवळ्याचा ढीग पसरला. त्यात करंदी, मांदेली, थोडे बोंबील, ढोमे, एक केंड मासा रागाने फुगून चेंडू झालेला. बोंबलाचा ऐन हंगाम पावसाळ्यानंतरचा, हे माहीत होतं, तरी पाटीच्या तळाशी चार बोटं बोंबील बघून नाखवांचा मुलगा गप्प झाला. आणि प्लास्टिक. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, वेफरची पाकिटं, एक लहान मुलीची चप्पल. एक पाटी नुसती त्याचीच भरली. ती पाटी कुणी समुद्रात परत ओतली नाही, किनाऱ्यावर आणली. एवढं लिहायलाच हवं, कारण शहर टाकतं आणि डोलकर वेचतो.

ढिगात नऊ पापलेटं होती. मामाच्या पिशवीत फूटपट्टी असते, ती काढून मी मोजायला बसलो. पापलेट सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. म्हणजे माझ्या विताहून बोटभर कमी. नऊपैकी दोन बसली. उरलेली सात तळहाताएवढीही नव्हती.

"परत टाकू का?" मी विचारलं.

नाखवांनी एक उचलून माझ्या हातावर ठेवलं. ते केव्हाच मेलं होतं. सहा तास ओढीत दाबलं गेलेलं जगेल कसं?

"मग आस मोठा केला तर?"

"आस मोठा केला तर जवळा निसटतो. नि जवळ्यावरच आमची आगोट निघते." आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. आवाजात तक्रार नव्हती. मला पहिल्यांदाच कळलं की मापाचा नियम गरीवाल्याला जेवढा सोपा आहे तेवढा डोलकराला नाही. माझ्या गरीवरचा लहान मासा मी सोडू शकतो, तो पोहत जातो. डोलीतल्या माशाचा निकाल जाळं विणतानाच लागलेला असतो. त्यामुळे काही करायचं तर ते आसापाशी, आणि जवळ्याचं उत्पन्न बुडणाऱ्याला हातभार लावूनच करायला हवं. बाजारात लहान पापलेटाचा वाटा स्वस्त म्हणून घेणारे आपणही त्यात आहोतच.

साडेदहाला मढला लागलो. बायका गुडघाभर पाण्यात येऊन थांबल्या होत्या.

रविवार, २६ मे. तृतीया, संकष्टी

रविवारी संकष्टी म्हणजे मासळी बाजाराचा घात. वेसाव्याच्या बाजारात दहा वाजताही पाट्या भरलेल्या. "आज म्हावरं कोन घेनार?" एक मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि माझाही उपास होता, त्यामुळे मान खाली घालून पुढे झालो.

पण सुक्या मासळीकडे गर्दी होती. आगोटीची खरेदी. पाऊस लागायच्या आत घरात सुकट, सोडे, बोंबील, वाकट्या भरून ठेवायच्या. लालबागच्या चाळीत आमच्या आजीचा पत्र्याचा डबा याच आठवड्यात भरायचा. वेसाव्याच्या वाळूत बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टांगायचे, वारा आणि ऊन बाकीचं करतं. बोंबलात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो सुकून इतका हलका होतो. बऱ्याच वलांड्या आता रिकाम्या होत्या. खाली जाळ्यांवर जवळा पसरलेला आणि एक आजी खराट्याने तो उलटत होत्या. दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत. एक सर जरी चुकून आली तरी दोन दिवसांचा माल सडतो.

बोटी वर घेणंही चाललं होतं. मला हे माहीत नव्हतं: बोट वाळूवर चढवायची ती उधाणाच्या भरतीलाच. पाणीच तिला जितकं वर आणून ठेवील तितकी माणसांची मेहनत वाचते. दुपारी सव्वादोनच्या भरतीला एक बोट ओंडक्यांवरून वर चढताना पाहिली. चाळीसएक माणसं दोराला, आणि प्रत्येक ओढीला सगळ्यांचा मिळून एक आवाज. जी वर आली ती लगेच शाकारायला घेतात, ताडपत्री, झावळ्या, बांबू. पावसात लाकूड सांभाळलं तरच ऑगस्टला बोट तरते.

सोमवार, २७ मे. चतुर्थी

चार पाऊण तीन. तीनची भरती धरायची म्हणून एक वाजता मार्व्याहून मनोरीच्या बोटीत बसलो. खाडीच्या पलीकडे खारफुटीच्या कडेला मामाची एक जागा आहे. कुठे ते मी लिहिणार नाही.

खाडीतलं गरवणं समुद्रापेक्षा वेगळं. चढतं पाणी खारफुटीच्या मुळांत शिरतं आणि त्याच्याबरोबर बोय माशांची पिल्लं, कोळंबी. त्यांच्या मागे तांबोशी आणि जिताडा. जिवंत कोळंबी पाठीत हलकेच टोचून, बोंडूखाली, म्हणजे तरंगत्या खुणेखाली, दीड हात दोर ठेवून मुळांच्या जवळ जाऊ द्यायची. उधाण अजून उतरलं नव्हतं, पाणी चहासारखं. गढूळ पाण्यात मासा वास घेऊन येतो, डोळ्यांनी नाही. दोन तासांत तीन शिंगाळे आणि किलोभराची एक तांबोशी. तांबोशीने गरी घेताच मुळांकडे धाव घेतली. रॉड वाकवून धरला, श्वास रोखला, आणि ती बाहेर आली तेव्हा उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी चमकली. मापाची होती. ठेवली.

या दिवसातली खरी गोष्ट मात्र माझ्या गरीला लागली नाही. थोडं पुढे एक म्हातारे बाबा पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होते. पाग गोल उघडतो तो क्षण मी कितीही वेळ बघू शकतो. एका फेऱ्यात मोठा शिंगाळा आला. त्यांनी त्याला उचलून तोंड उघडलं आणि मला हाक मारली. तोंडात गोट्यांएवढी पिवळी अंडी, ठासून भरलेली.

"बाप हाय," ते म्हणाले.

खाऱ्या पाण्यातल्या शिंगाळ्यांत नर अंडी तोंडात घेऊन फिरतो. पिल्लं बाहेर पडून तरतरीत होईपर्यंत तो जवळजवळ उपाशी असतो, म्हणून तो गरीला लागत नाही. जाळ्यात मात्र सापडतो. हे वाचलेलं होतं, पाहिलं आज. बाबांनी दोन अंडी जमिनीवर पडली होती ती बोटांनी उचलून परत त्याच्या तोंडात ठेवली, आणि दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरून ठेवला, तो स्वतः निघून जाईपर्यंत.

मंगळवार, २८ मे. पंचमी

मामाला उन्हाचा त्रास झाला, म्हणून एकटाच वरळीला गेलो. क्लीव्हलँड बंदरातून छोट्या होड्या निघतात, खडकांतल्या खेकड्यांसाठी, शेवंडीसाठी. समोर सागरी किनारा मार्ग. मार्चमध्ये त्याची एक बाजू सुरू झाली. होड्यांना जायला खांबांत पुरेसं अंतर हवं म्हणून वरळीचे कोळी भांडले तेव्हा ६० मीटरचं अंतर १२० झालं. भांडले नसते तर काय झालं असतं ते पुलाखालून जाणाऱ्या होडीकडे, लाटेने ती बाजूला सरकताना, बघून समजतं. लाट खरोखर लांब होती. मी गरी टाकली नाही.

बुधवार, २९ मे. षष्ठी

एरंगळचे खडक. पहाटे चार ते आठ. एक लहान गोब्रा, सोडला. वारा नव्हता, घामाने चष्मा धुरकट. पाणी मात्र निवळायला लागलेलं. सोमवारी हातभर खाली दिसत नव्हतं, आज खडकावरची कालवं दिसत होती. मामा म्हणाला, "उद्या बघ."

गुरुवार, ३० मे. सप्तमी

सात पाऊण सव्वापाच. पहाटे भरती आणि उजाडणं एकाच वेळी येतात असे दिवस पंधरवड्यात एखाद-दुसरेच. शिवाय भांग लागलेलं, पाणी निवळ, ओढ मंद. मढच्या बाजूने खाडीच्या तोंडाशी साडेचारला उभे राहिलो. मामाने पागाने धरलेल्या बोयांपैकी एक, वीतभर, जिवंत, हातदोरीला लावली. मी रॉडवर कोळंबी.

पाच वाजून गेले. पाणी इतकं गप्प होतं की पलीकडच्या वेसाव्यात कुणीतरी बादली ठेवली तिचा आवाज आला. मग मामाच्या बाजूला पाणी फुटलं, कुणी सपाट हाताने थापट मारावी तसं. जिताडा असाच खातो.

मामाने ओढ घेतली नाही. चार वाव दोर जाऊ दिला, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि मग मनगट वळवलं. पुढची दहा-बारा मिनिटं मी जाळी हातात घेऊन नुसता उभा होतो. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला, कल्ले खडखडवत. दुसऱ्यांदा उजेड पुरेसा होता आणि त्याच्या पोटाचा आकार दिसला. शेवटी जाळीत आला. काट्यावर सहा किलोच्या वर.

इथे मी मामाशी भांडलो. जिताडा जन्मतो नर, आणि वाढत वाढत मोठेपणी मादी होतो. म्हणजे एवढा मोठा जिताडा बहुधा मादीच. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी येते ती अंडी घालायला. सोडूया, मी म्हटलं. अजून जिवंत आहे.

मामा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आठ वर्षांनी असा आला. गेल्या आठ वर्षांत तू दर रविवारी बाजारातून गाभोळी आणलीस, तेव्हा विचारलंस?" मी गप्प. "धक्क्यावरच्या ढिगाला सांग आधी. रात्री दिवे लावून समुद्र उपसणाऱ्यांना सांग. २०१७ला बंदी आली त्या दिव्यांवर. थांबले का सगळे?"

त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही मला वाटतं ते चूक होतं. ढीग मोठा आहे म्हणून माझ्या हातातला मासा लहान होत नाही. बंदीचा कायदा किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला अडवत नाही. आम्हाला अडवणारं आमच्याशिवाय कुणीच नाही. मी हे बोललो, बहुतेक जास्तच चढ्या आवाजात. मासा तोवर शांत झाला होता.

तो आम्ही नाखवांच्या घरी दिला. वहिनींनी चिरला तेव्हा पोटातून गाभोळीच्या दोन पिवळ्या पिशव्या निघाल्या, प्रत्येकी माझ्या हाताच्या पंजाएवढी. मामाने त्या बघितल्या आणि ओटीवर जाऊन बसला. जेवायला बसलो तेव्हा त्याने गाभोळी घेतली नाही. मी घेतली नाही. कालवण घेतलं दोघांनीही, आणि ते फार चांगलं झालं होतं.

शुक्रवार, ३१ मे. अष्टमी

आज गरवलो नाही. मामानेच सकाळी दोर गुंडाळून तेल लावलं, गऱ्या गोड्या पाण्यात धुतल्या, डब्यात भरल्या. वहीत कालच्या पानावर वजन लिहिलेलं मी बघितलं. या वहीत पहिल्यांदाच. शेजारी 'मादी'.

दिवसभर मढच्या किनाऱ्यावर जाळी धुणं चाललं होतं. नाखवांनी डोली सोमवारीच शेवटच्या ओढल्या होत्या, पाणी उतरल्यावर पुन्हा गेलेच नाहीत. घराच्या बाजूला डोल बांबूवर टांगलेली, वाळत. तिचा खोला वाऱ्याने फुगायचा आणि बसायचा. त्यांचा मुलगा फाटलेले आस सांधत होता. मी विचारलं, शेपटाचे आस जरा मोठे घेणार का यंदा? तो हसला नाही की टाळलं नाही. "एका डोलीला घेऊन बघतो. बाबांना सांगू नका."

संध्याकाळी ट्रॉलर परतत होते. एकामागे एक, झेंडे लावून, खाडीच्या तोंडाशी वेग कमी करत. त्यातले काही मध्यरात्रीपर्यंत येत राहणार होते. वारा नैऋत्येचा, पहिल्यांदाच थोडा गार. बातम्यांत कालच पाऊस केरळात पोचल्याचं सांगितलं होतं.

नाखवांची बोट अजून खाडीत नांगरलेलीच होती. रविवारचं उधाण त्यांना साधलं नव्हतं, कारण तेव्हा ते डोलीवर होते. भांगाच्या पाण्यात ती वर येणार नाही.

"मग?" मी विचारलं.

"अमावास्येला. सहा तारखेला." त्यांनी मामाकडे पाहिलं. "माणसं कमी पडतात हो आता. पोरं नोकरीला जातात."

मामाने वही काढली. पंधरा पाऊण सव्वाअकरा, तो पुटपुटला, आणि ६ जूनसमोर 'बंदीत' लिहिलं होतं ते तसंच ठेवून खाली लिहिलं: 'मढ. बोट ओढायला. साडेदहाला पोचणे. दोघे.'